कळवतो

निवृत्त होताना ज्युनिअर कॉलेजातून मी एक कोरा हजेरीपट घरी आणला. आणायला नको होता, पण छापील रकाने, लाल रेघा आणि वर ‘माहे’, ‘तुकडी’ असं पाहिलं की माझा हात थांबत नाही. सव्वीस वर्षं त्यात मुलांची नावं लिहिली. आता डावीकडच्या रकान्यात मुलांच्या जागी संस्था आहेत. नागपूरच्या महाल भागातलं एक वाचनालय, धरमपेठेतलं एक महिला मंडळ, दोन रोटरी क्लब, सहा कॉलेजं, सकाळी बागेत टाळ्या वाजवून हसणाऱ्या ज्येष्ठांचे चार गट, काही गणेश मंडळं, दोन-तीन सरकारी कार्यालयं. सगळी मिळून एकेचाळीस. पुढे तारखांची घरं आणि घरांत खुणा. टिंब म्हणजे मी फोन केला किंवा निरोप पाठवला. फुली म्हणजे स्वच्छ नकार. गोल म्हणजे व्याख्यान झालं. आणि ‘क’ म्हणजे ‘कळवतो’.

पान उघडलं की क, क, क, क. पहिलीतल्या पोराने अक्षर गिरवावं तसं.

फुल्या फार कमी आहेत. व्याख्यानाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे असभ्य समजतात. मुलीच्या स्थळाला जसं ‘पत्रिका बघतो’ म्हणतात तसं वक्त्याला ‘कळवतो’ म्हणतात. मला आधी हे कळत नव्हतं. कळवतो म्हणाले म्हणजे कळवणार, असं समजून मी फोन जवळ घेऊन बसायची.

माझा विषय नागपूरचे तलाव. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव, लेंडी तलाव. गांधीसागराला जुनी माणसं अजून जुम्मा तलाव म्हणतात आणि फुटाळ्याला तेलंगखेडी. शहर आज पेंच आणि कन्हानचं पाणी पितं, पण एके काळी अंबाझरीचं पीत होतं, हे सांगितलं की समोरच्या खुर्च्यांमध्ये कुणीतरी नक्की शेजाऱ्याकडे वळून बघतं. ज्या नाल्यावरून नाक दाबून आपण जातो ती नाग नदी आहे आणि शहराचं नाव तिच्यावरून पडलंय, हे वर्गात सांगताना मुलं जशी खिडकीबाहेर बघायची तसं मोठी माणसं बघत नाहीत. ती बिचारी ऐकतात. त्या ऐकण्याची चटक लागली आणि निवृत्तीनंतर मी व्याख्यानांच्या मागे लागले, हे खरं कारण. समाजप्रबोधन वगैरे मी परिचयपत्रात लिहिते.

व्याख्यान ही आपली जुनी हौस. रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली. आमच्याकडे वसंतात व्याख्यानमाला घालायची म्हणजे श्रोत्यांच्या जिवाशी खेळ. एप्रिल-मेमध्ये नागपूर खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून आत बसलेलं असतं, आणि कूलरच्या घरघरीत फोन वाजलेलासुद्धा ऐकू येत नाही. त्या दोन महिन्यांतली माझी टिंबं सगळी वाया गेलेली आहेत.

उरलेलं वर्ष ‘होऊ द्या’वर चालतं. जुलैत फोन केला तर ‘पोळा होऊ द्या, मॅडम.’ पोळा झाला, तान्हा पोळा झाला, मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली, की ‘गणपती होऊ द्या.’ मग देवी. मग ‘दिवाळी होऊ द्या, लोक गावाला जाऊन राहिले.’ दिवाळीनंतर खास नागपुरी कारण निघतं: ‘अधिवेशन होऊ द्या.’ १९५३ च्या नागपूर करारात ठरलं म्हणून विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं, ते बरोबर. पण सिव्हिल लाइन्समधल्या बंदोबस्ताचा आणि खामल्यातल्या महिला मंडळाच्या मासिक सभेचा संबंध काय? तरी ते कारण चालतं. त्यानंतर संक्रांत, मग परीक्षा, मग ‘ऊन उतरू द्या.’ ऊन उतरेपर्यंत जून येतो आणि समिती बदललेली असते. मारबतीच्या दिवशी लोक ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतात. एका वर्षी मीही गर्दीत उभी राहून मनातल्या मनात म्हटलं, माझे सगळे कळवतो घेऊन जा गे मारबत.

नेले नाहीत तिने.

एक सचिव तर रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मला गुलाबाचं फूल पाठवत. खाली सुविचार. माझ्या प्रस्तावाला मात्र चार महिने उत्तर नाही. दोन निळ्या खुणा दिसायच्या, म्हणजे वाचलंय. मी एकदा त्या गुलाबाखालीच लिहिलं, “सुप्रभात. व्याख्यानाचं काही ठरलं का?” दुसऱ्या दिवशी गुलाब आला नाही. तिसऱ्या दिवशी मोगरा आला.

माझा नवरा बँकेत होता. भंडाऱ्याकडच्या शाखांमध्ये त्याने बरीच वर्षं वसुली केली. एका संध्याकाळी गॅलरीत बसून तो माझा हजेरीपट चाळत होता, तांदूळ निवडताना माणूस जसा खडा शोधतो तसा. म्हणाला, “तू फोनवर काय विचारतेस?”

“माझ्या पत्राचं काय झालं ते.”

“म्हणजे तगादा. आणि तोही कच्चा.” मग त्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. “वसुलीला गेलो की मी कधी पैसे मागत नव्हतो. धान कधी निघते ते विचारायचो. तारीख त्याच्या तोंडून निघाली की ती त्याची झाली. मी फक्त त्या तारखेला जायचो. धान निघायच्या आधी पैसे मागितले तर तो नाही म्हणणार. आणि माणसाने एकदा नाही म्हटलं ना, की पुढच्या खेपेला तो आपली गाडी पाहून मागच्या दाराने शेतात जातो.”

मी म्हटलं, इथे माझं कर्ज कुणी घेतलेलं नाही, उलट मीच त्यांच्या दारात उभी आहे.

“मग तर अजूनच सांभाळून विचार.”

दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. ‘माझं काय झालं’ टाकून ‘तुमच्या कार्यकारिणीची बैठक केव्हा असते’ असं विचारायला लागले. या प्रश्नाला कुणी कळवतो म्हणत नाही, कारण बैठकीची तारीख माहीत असते आणि ती सांगताना कुणाला संकोच वाटत नाही. “पंधरा तारखेनंतर बसू जी आम्ही.” बस्स. मी रकान्यात पंधरा लिहायची आणि तेरा तारखेला अर्ध्या पानाचं पत्र परत पाठवायची. आधी मी चार पानं पाठवत होते, त्यातलं दीड पान माझा परिचय. अर्ध्या पानात विषय, किती मिनिटं, पडदा लागेल की नाही आणि फोन नंबर एवढंच बसतं. तेवढंच बैठकीत वाचून दाखवता येतं.

हळूहळू प्रत्येकाचं धान कधी निघतं ते समजायला लागलं. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो. मी भाबडेपणाने मावळत्या अध्यक्षांना एप्रिलमध्ये पत्रं लिहीत बसले होते. त्यांना फक्त आपला शेवटचा कार्यक्रम दिसत होता. लिहायचं ते मेमध्ये, येणाऱ्या अध्यक्षाला, तो आपल्या वर्षाची डायरी भरत असताना. कॉलेजांत प्राचार्यांना गाठून उपयोग नसतो, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी शोधायचे. त्यांचं सात दिवसांचं निवासी शिबिर खेड्यात असतं, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र. सात दुपारी म्हणजे सात वक्ते, आणि त्यातला एक आयत्या वेळी येत नाही. दोन गोल मला असेच मिळाले, आदल्या रात्री साडेनऊला फोन आला म्हणून. एका शिबिरात पोरं सकाळभर बंधारा घालून आली होती आणि माझ्या तिसऱ्या मिनिटाला पहिली रांग झोपली. मी आवाज खाली आणला. झोपू दिलं.

सरकारी कार्यालयांना २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाला, वक्ता लागतोच लागतो आणि त्यांना तो वीस तारखेनंतर आठवतो. पण तलावांवर बोलणारी बाई भाषेच्या दिवशी कोण बोलावेल? मग मी त्याच विषयाला दुसरं दार पाडलं: पाण्याचे मराठी शब्द. बोडी, डोह, पाळ, सांडवा. भंडारा-गोंदियातल्या माजी मालगुजारी तलावांना सरकारी कागदांतसुद्धा मामा तलाव म्हणतात, हे सांगितल्यावर लेखा विभागातले एक गृहस्थ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. व्याख्यान तेच, फोटो तेच, फक्त पत्रातली पहिली ओळ वेगळी.

मानधनाबद्दल इथे थोडक्यात. विचारायला मला अजून जमत नाही. घरात अकरा शाली आहेत, आणि नारळाची चटणी आम्ही हिवाळाभर खातो.

महालातल्या त्या वाचनालयाच्या ओळीत मात्र काही केल्या तारीख येईना. सात क झाले होते. २०२३ च्या जानेवारीत मी सरळ तिथे जाऊन उभी राहिले. जिना लाकडी, कठड्याला हात लावला की पावडर हाताला यावी असा. वर सचिव एकटेच, सत्तरीच्या पुढचे, कानटोपी घालून. टेबलावर डिंकाची बाटली, पाकिटांचा गठ्ठा. ते वर्गणीदारांची नावं लिहीत होते, एकेक अक्षर कोरून. मी नाव सांगितलं. “हो हो, तलाववाल्या मॅडम,” म्हणाले, आणि मागच्या कपाटातून एक फाईल काढली. सुतळीने बांधलेली, गादीच्या उशीएवढी. सगळी वक्त्यांची पत्रं. हास्ययोग, शिवचरित्र, मधुमेह, गुंतवणूक, ज्ञानेश्वरी, पुन्हा मधुमेह. त्यांनी चाळत चाळत माझं पत्र काढलं. चार पानी, पहिलंच. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: खुर्च्या ८०, सतरंज्या ४, माईक, चहा ६०, बाकी उधार.

मला राग यायला हवा होता. पण त्यांनी ते लपवलं नाही. कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “पाठकोरा होता, कामात आला.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाही, वाजला नाही, त्यांनीच लावला होता आणि स्पीकरवर ठेवला होता, घंटी जात होती. पलीकडून कुणी उचललं नाही. पुण्याचे एक मोठे वक्ते, नाव सांगितलं, मी इथे लिहीत नाही. मालेचं तिसरं पुष्प ते गुंफणार म्हणून पत्रिका अडली होती. “सव्वा महिन्यापासून कळवतो म्हणून राहिले,” सचिव म्हणाले. “सभागृहवाला ॲडव्हान्स मागून राहिला. देणगीदार म्हणतात, आधी पत्रिका दाखवा, नाव कुठे छापता ते पाहू. मीही रोज हेच करून राहिलो, मॅडम.” मग डायरी पुढे केली. जुनी बँकेची डायरी. त्यात रोजच्या पानावर कुणाला फोन केला ते, आणि पुढे बारीक अक्षरात काय म्हणाले ते. अर्ध्याहून जास्त ठिकाणी एकच शब्द होता. त्यांनी तो पूर्ण लिहिला होता, माझ्यासारखं एका अक्षरावर भागवलं नव्हतं.

आम्ही दोघांनी चहा घेतला. मी त्यांना पाकिटांवर पत्ते लिहून दिले, साठेक तरी. माझं अक्षर फळ्यावरचं, मोठं येतं, त्यांना आवडलं. निघताना त्यांनी विचारलं, पाण्यावर दिवस कोणता असतो? २२ मार्च, जागतिक जलदिन. कॅलेंडर पाहिलं तर त्या वर्षी नेमका त्याच दिवशी गुढीपाडवा. “आदल्या दिवशी करू.” केलं. तेवीस माणसं आली, त्यातली चार कार्यकारिणीची. अंबाझरीच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, फोटोला वीज गेली आणि मी उरलेलं व्याख्यान अंधारात दिलं. माझ्या मते ते माझं आजवरचं बरं व्याख्यान.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये अंबाझरीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका वस्तीतल्या गणेश मंडळाला मी पत्र दिलं होतं. ‘आपल्या डोक्यावरचा तलाव’ असं शीर्षक, मलाच जरा भडक वाटलेलं. जुलैत टिंब, क. ऑगस्टमध्ये टिंब, क. त्यांनी यंदा ऑर्केस्ट्रा ठरवला होता, असं नंतर कळलं.

२२ सप्टेंबर २०२३ ला आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, आंबील, पुरण. रात्री भांडी आवरून पाठ टेकवली आणि वीज कडाडायला लागली. तसा पाऊस मी पाहिला नव्हता. पहाटेपर्यंत काही तासांतच शंभर मिलिमीटरच्या वर पडला. अंबाझरी सांडव्यावरून भरभरून वाहिला, नाग नदीने काठ सोडला, आणि माणसं झोपेत असताना पाणी घरात शिरलं. मोरभवनच्या बसस्थानकात एसटी बुडून उभ्या असल्याची चित्रं दिवसभर फोनवर फिरत होती.

सोमवारी त्या मंडळाचा फोन आला. “मॅडम, ते तलावाचं तुमचं... बुधवारी याल का? ऑर्केस्ट्रा रद्द केला.”

फोन ठेवल्यावर मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. हजेरीपट काढून गोल काढण्यासाठी पेनचं टोपणसुद्धा उघडलं. मग खिडकीतून समोरच्या घराकडे लक्ष गेलं. त्यांची लेक त्याच भागात राहते आणि तिचं सामान त्यांच्या अंगणात वाळत होतं. दोरीवर लग्नाचा अल्बम, एकेक पान चिमट्याने लावलेलं. टोपण लावून ठेवलं.

बुधवारी गेले तेव्हा रस्त्यावर सोफे, गाद्या, फुगलेली प्लायची कपाटं. भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ, पट्टीने आखल्यासारखी सगळ्या घरांवरून गेलेली. प्रोजेक्टर त्यांचा बुडाला होता. माझे बासष्ट फोटो पिशवीतच राहिले. मंडपाच्या मागची एक फळी उभी केली आणि खडूने काढत गेले: हा तलाव, ही पाळ, हा सांडवा, ही नाग, आणि हे तुम्ही. ‘हे तुम्ही’ म्हणून खडू टेकवला तेव्हा कुणी शेजाऱ्याकडे वळून पाहिलं नाही. प्रश्न मात्र दीड तास चालले. शेवटी एक आजी म्हणाल्या, “तुम्ही हे जूनमध्येच सांगायला येऊन राहिल्या होत्या म्हणे?” मंडळाचा अध्यक्ष पोरगाच होता, तिशीतला. तो सतरंजीकडे बघायला लागला.

मी खरं ते सांगितलं. जूनमध्ये आले असते तर बारा माणसं आली असती, आणि पाणी याच वाटेने आलं असतं. ते त्याला बरं वाटावं म्हणून बोलले असंही नाही. व्याख्यानाने पाणी अडत नाही, हे भूगोलाच्या बाईला तरी माहीत असायला हवं.

पुढचे दोन महिने मला फोन करावाच लागला नाही. ज्यांच्या ओळीत नुसते क होते त्यांनी स्वतःहून बोलावलं. ऑक्टोबरच्या पानावर नऊ गोल आहेत. गुलाबवाल्या सचिवांनी तर गाडी पाठवली. दिवाळीनंतर रस्ते धुऊन झाले, सोफे आत गेले, आणि डिसेंबरात पुन्हा ‘अधिवेशन होऊ द्या’ सुरू झालं. ते बरंच वाटलं मला, ओळखीचं.

आता मी आठवण करून देते ती नुसत्या हाताने देत नाही. काहीतरी सोबत नेते, शेजारी जाताना वाटीभर भाजी न्यावी तसं. हिवाळ्यात फुटाळ्यावर पाहुणे पक्षी आले की एक फोटो, दोन ओळी. २ फेब्रुवारीला पाणथळ दिन असतो, तो जवळ आला की सोनेगाव तलावाचा जुना किस्सा. खाली बैठकीची तारीख विचारते. कुणी उत्तर देतं, कुणी पक्ष्याला अंगठा दाखवतं. पाच टिंबांनंतरही काहीच नाही आलं तर त्या ओळीवर एक वर्ष हात ठेवायचा नाही, हा माझा नियम. नवऱ्याला तो पटत नाही. त्याच्या मते पाच म्हणजे काहीच नाही.

गेल्या महिन्यात टपालाने एक लांबट पाकीट आलं. एका कार्यालयाचं. वर जावक क्रमांक, विषय, आणि संदर्भ: आपले दिनांक अमुक जुलै २०२२ चे पत्र. आत लिहिलं होतं, ‘सध्या व्याख्यानाचे नियोजन नसल्याने आपल्या प्रस्तावाचा विचार करता येत नाही. आवश्यकता भासल्यास आपणांस कळविण्यात येईल.’ याच कार्यालयात २७ फेब्रुवारीला मी मामा तलावावर बोलून आले होते. त्यांचं आभारपत्र माझ्याकडे आहे. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली, सही एकाच साहेबांची.

त्यांच्या ओळीत सोळा टिंबं, नऊ क आणि एक गोल. आता काय लिहायचं? फुली मारावी तर व्याख्यान झालेलं. क लिहावा तर घरं संपलेली. शेवटी पत्राची घडी घातली आणि पानाला टाचणी लावली.

नवरा म्हणाला, “उत्तर दे त्यांना.”

“काय लिहू?”

“पत्र मिळालं म्हणून लिही. आणि बैठक केव्हा आहे ते विचार.”